नॉर्वेला जाण्याआधीची शिकवणी

३ ऑगस्ट, रविवार
शिकवणी सुरू. मास्तरीण — माझी सून विनीता. पुढच्या महिन्यात मी एकटी नॉर्वेला जाणार, माझ्या मुलीकडे, कादंबरीकडे. माझ्याच लेकीच्या गावात कसं वागायचं ते मला सून शिकवणार! ‘आई, तिकडे फोन केल्याशिवाय कुणाच्या घरी जात नाहीत. शूज दारातच काढायचे.’ चपला दारात काढायला मला आता नॉर्वेने शिकवायचं? आम्ही काय चपला घालून झोपत होतो?

५ ऑगस्ट
विनीताने मागवलेला नवा वॉकर आला. मोठ्या चाकांचा. ‘तिथे दगडी रस्ते आहेत, छोटी चाकं अडकतात.’ एअरपोर्टवर व्हीलचेअरही सांगून ठेवलीय. म्हणजे कळू दे इथे परदेशातल्या आमच्या सगळ्या क्रेगीबर्न गावाला, म्हातारी अधू झाली. मिहिर लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, ‘तुझ्यासाठीच करतेय ना ती.’ माझा मुलगा — बायकोच्या ताटाखालचं मांजर.

९ ऑगस्ट
शिकवणी लांबतेच आहे. ‘दार वाजवल्याशिवाय कुणाच्या बेडरूममध्ये जायचं नाही. दुसऱ्याच्या किचनमधले डबे हलवायचे नाहीत. मुलींच्या जाडीवरून बोलायचं नाही, तिकडे फार रूड समजतात.’ हे सांगताना आवाज बारीक, नजर सिंककडे. गेल्या आठवड्यात तिचे सगळे डबे मी नीट लावून दिले, त्याचं कौतुक मात्र शून्य. नातीनेही तोंड घातलं, ‘आजी, जस्ट प्रॅक्टिस इट हिअर फर्स्ट.’ विनीता तिच्यावर एकदम डाफरली, ‘स्पृहा, गप्प बस.’

१० ऑगस्ट
खोलीतच जेवले.

१३ ऑगस्ट
कादंबरीला फोन करून सगळा पाढा वाचला. हसत सुटली. ‘शूज आणि फोनचं खरं आहे गं. पण बाकीचं कुणी सांगितलं? माझे डबे लाव की, मी वाटच बघतेय.’

फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

म्हणजे नॉर्वेचं नाव पुढे करून बाई मला या घरातलं वागणं शिकवत होती! इतकी वर्षं एका घरात काढली, आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही. संताप संताप झाला. उद्या ती घरून काम करणार आहे. चांगलं सुनावते. मग कादंबरीकडेच राहीन, परत येणारच नाही.

१४ ऑगस्ट
सगळे गेल्यावर वॉकर ढकलत तिच्या खोलीपाशी गेले. भांडायलाच. दार लोटायला हात उचलला — आणि का कोण जाणे, वाजवलं.

आतून दचकलेला आवाज आला, ‘कोण आहे?’

घरात आम्ही दोघीच होतो.