‘असेल तर’ न घालता

माय,

माझा लेक दवाखान्यात आहे. तुझा नातू, तू कधी न पाहिलेला. परवापासून शुद्धीवर नाही. सकाळी पाळकबाबा येऊन प्रार्थना करून गेले, ‘प्रभू, तुझी इच्छा असेल तर याला बरं करावंस.’ मी आमेन म्हटलं, बाकावर येऊन बसले आणि तू आठवलीस. तू असतीस तर त्या बिचाऱ्यांना वाक्य पुरं करू दिलं नसतंस.

निजामाच्या राज्यात आपल्यासारख्यांनी मागायचं कसं, याचीही रीत होती. देशमुखाच्या अंगणाबाहेर पायताण काढून, डोक्यावर पदर ओढून उभं राहायचं. ‘भाकर द्या’ असं म्हणायचं नाही. ‘भाकर मिळावी जी, सरकार’ म्हणायचं. कुणी द्यावी तेही बोलायचं नाही, नाहीतर हुकूम केल्यासारखं व्हायचं. आपण नव्याने ख्रिस्ती झालो तेव्हा हीच रीत तू देवाकडे घेऊन गेलीस. प्रार्थनेच्या खोलीत सगळे सतरंजीवर बसलेले आणि तू उंबऱ्याबाहेर उभी! तिथूनच म्हणालीस, ‘सरकार, लेकरायला भाकर मिळावी जी.’ बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी लाजून तुझ्या लुगड्यामागे लपले.

तेव्हाचे पाळकबाबा म्हातारे, आपल्याच भागातले. ते रागावलेच. ‘आत ये बाई. इथं सरकार कुठून आणलंस? देव बाप हाय. लेकरू बापाला तू म्हनतं, दे म्हनतं.’

‘माह्या बापाला म्या कदीच तू म्हनलं न्हाई,’ तू म्हणालीस. ‘लय भ्याव वाटायचं त्येचं. मायला म्हनायची.’

ते म्हणाले, ‘मंग मायशी बोलायचीस तसं बोल.’

त्या दिवसापासून तू तशीच बोलायला लागलीस. भाकरी थापता थापता, ‘दे’, ‘बघ जरा’, ‘ऐकायलास का?’ मला वाटायचं चुलीमागे खरंच कुणी बसलंय. एकदा तर वाकून बघितलंही होतं.

मग ते गडबडीचं वर्ष. निजामाचं राज्य जायच्या बेतात आहे. बा सरकीची गाडी घेऊन जिंतूरला गेलाय आणि परतलेला नाही. रस्त्यावर कोण कुणाला अडवतंय काही कळत नाही. खोलीत त्याच्यासाठी प्रार्थना चालली आहे. पाळकबाबा म्हणतात, ‘तुझी इच्छा असेल तर त्याला परत आणावंस.’ तू खाडकन डोळे उघडतेस. ‘असंल तर कशाला म्हनायलाव, बाबा? भुकेलं लेकरू मायला, वाढायचं असंल तर वाढ, म्हनतं व्हय?’ आणि वर बघून, ‘आन त्याला. बस्स.’

बा आला नाही. सोबतचा गाडीवान त्याचं मुंडासं तेवढं घेऊन आला.

तू देवाशी बोलणं टाकलंस. चूल पेटायची, भाकरी व्हायची, तुझ्या तोंडून शब्द नाही. बा गेल्याची वाटली तेवढीच मला त्या गप्पपणाची भीती वाटायची. मग एका संध्याकाळी पिठात पाणी ओतताना तू म्हणालीस, ‘भाकर दे.’ आवाजात राग तसाच होता. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘माय, त्यानं तर ऐकलं न्हाई.’

‘न्हाई ऐकलं,’ तू म्हणालीस. ‘म्हून तर रुसले व्हते. पर मायवर रुसून जेवायला कुनाच्या दारी जाऊ? पुना देशमुखाच्या?’

तुझ्या धीटपणाच्या या गोष्टी मी आयुष्यभर सांगत आले, थोडं तिखटमीठ लावूनच. स्वतः मात्र ‘असेल तर’ घालूनच मागत आले. त्यात सोय असते, माय. तसं मागितलं की नाही म्हटलेलं फारसं लागत नाही. पण आज पाळकबाबा गेल्यावर मी बाकावरून उठून पोराचा हात हातात घेतला आणि म्हटलं, ‘याला उठव.’ शेजारच्या खाटेजवळची बाई वळून बघायला लागली. तिला वाटलं, मी नर्सला दटावतेय.

बोलले खरी, पण तेव्हापासून भीती वाटतेय. तुला तेव्हा वाटली होती का, ते मी कधी विचारलंच नाही. तू तर गेलीस, हे लिहिलेलं आता कुठल्या टपालपेटीत टाकणार? पिशवीतच राहील. दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही म्हणून तुलाच सांगते. हा उठला नाही, तर मी देवाशी पुन्हा कधी बोलेन की नाही, मला माहीत नाही.