पायाशी पडलेली सावली

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी फोटो स्टुडिओत लागलोय. घड्याळं, ट्रक आणि रोपवाटिकेनंतर हे चौथं काम, तेव्हा बाबांना बेताबेताने सांग. मालकांनी महिन्याची मुदत दिलीय. तेवढ्यात उन्हात उभ्या माणसाचा एक तरी धड फोटो काढला तर ठेवतील. नाहीतर ठरल्याप्रमाणे मुकाट्याने बाबांच्या पिठाच्या गिरणीत येतो. बसमध्ये एकाने सांगितलं होतं की सूर्य पाठीशी ठेवला की फोटो चुकत नाही. तसेच तीन काढून पाठवतोय, एक पोस्टमनचा आणि दोन शेजारच्या कुलूपवाल्या काकांचे. समोरच्या लाँड्रीत चादरी इतक्या ताठ वाळत घालतात की मी अर्धा तास बघतच राहिलो. असो. आईला माझा फोटो हवाय म्हणालीस, पण कॅमेरा माझ्याच हातात, मी त्यात येणार कसा?

लोभ आहे तेवढा राहू दे, टोमणे तेवढे कमी कर.
तुझा, भिंगरी


ता. ११ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

फोटो पोचले. पोस्टमन डोळे गच्च मिटून उभा आहे, त्याला झोपेतून ओढून आणलंस का? चेहरे सगळे बाबा गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक. कुलूपवाल्या काकांच्या तर डोक्यातूनच विजेचा खांब उगवलाय. आणि तू म्हणे फोटोत येत नाहीस. तिन्ही फोटोंत खाली तुझी सावली कोपरं काढून पसरलीय. आईने तेवढ्यावरून ताडलं की तू वाळलायस आणि केस वाढलेत. फोटो तिने उशाशी ठेवलेत.

तिसऱ्या फोटोत तुझ्या शेजारी दुसरी सावली आहे, तिला लांब वेणी आहे. चादरी बघत होतास, नाही का?

बाबांनीही फोटो बघितले. आणि गिरणीतलं दुसरं स्टूल पुसून ठेवलंय, एवढं कळवते.

पत्र लिहायला विसरत जाऊ नकोस.
तुझी ताई


ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मालकांना वाचून दाखवलं, वेणीचा भाग गाळून. पोट धरून हसले. म्हणाले, माणसाला फिरव, ऊन त्याच्या पाठीवर घे. घेतलं, तर चेहरे काजळासारखे काळे आले. मग म्हणाले, कॅमेरा मागच्या लख्ख आकाशाला भुलतो, तू उजेड गालावरचा मोज. तोंडावर उजेड परतवायला पांढरी चादर धर. ती लाँड्रीतून आणली. चादरीची मालकीण धरायला स्वतःच आली, कारण माझ्या बोटांवर तिचा भरवसा नाही. एक ठसा उमटला तर मलाच धुवायला लावली. वेणीवाली ती हीच, आता विचारू नकोस.

दोन पावलं डावीकडे सरकलो, खांब गेला. काका जिकडे बघत होते तिकडे मोकळी जागा सोडली, नाहीतर नजर फोटोच्या कडेवर आपटते. परवा मालकांनी तो फोटो दुकानाच्या काचेत लावला आणि स्टुडिओची किल्ली माझ्या हातात दिली. काका दिवसातून चार वेळा काचेसमोरून जातात.

आईसाठी सोबत माझा फोटो आहे, वेणीवालीने काढलाय. सगळं शिकवलं होतं, तरी शेवटी सूर्य पाठीशी घेतलाच तिने. माझे डोळे बारीक झालेत आणि तिची सावली थेट माझ्या पायाशी. मनावर घेऊ नका, नवखी आहे.

आईला नमस्कार. बाबांना काय सांगायचं ते तूच ठरव.
तुझा, भिंगरी


ता. ९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. आ.

बाबांना काही सांगावं लागलं नाही, पाकीट त्यांनीच आधी उघडलं. दुसरं स्टूल माळ्यावर टाकलंय. वाईट वाटून घेऊ नकोस, टाकताना शीळ घालत होते.

तू उजेड मोजायला शिकलास, बाकी अक्कल आहे तिथेच आहे. चादरीवर बोटाचा ठसा जिला खपत नाही, तिच्या हातून एवढी लांब सावली चुकून राहते होय?

आईने विचारलंय, ही वेणीवाली समोरून कशी दिसते. नीट काढ. चादर मी येऊन धरते.

लोभ असू द्यावा, दोघांनीही.
तुझी ताई