नाव डबीचं, काम काट्याचं

४ फेब्रुवारी
आज पुन्हा दार उघडं! हे नुसत्या बनियनवर रस्त्यात. कोपऱ्यावरच्या पाववाल्यानं हाताला धरून आणून सोडलं. "आजी, आजोबा बंदर कुठंय विचारत होते." बंदर कुठलं आता — जहाजाचं सुकाणू सुटून जन्म लोटला. घरातली मोरी यांना सापडत नाही, पण माझा डोळा लागला की दाराची कडी बरोबर सापडते.
नात लिहून घेतेय. मला लिहिता येत नाही, तिला गप्प बसता येत नाही. जमलं!

५ फेब्रुवारी
थकले. एवढंच लिही.

७ फेब्रुवारी
यांच्या खिशात जहाजावरचं जुनं होकायंत्र घातलं — पितळेची डबी, आत काटा. म्हटलं, घर तरी सापडेल. माझीच अक्कल! नात म्हणाली, "आजी, काटा उत्तर दाखवतो. आपलं घर नाही."
हे मात्र खुलले. "होका म्हणजे काय, सांगा बघू." लग्नापासूनचा यांचा ठरलेला प्रश्न, उत्तरही यांचंच. "अरबी शब्द. हुक्का, म्हणजे डबी. खलाशांच्या तोंडून आला, होका झाला." नातीनं कोश काढला — खरं निघालं. सकाळी जेवलो का ते आठवत नाही, अरबी आठवतं!
मी म्हटलं, रात्रंदिवस थरथरणार काटा आणि नाव डबीचं? संसारच की हा!
हसले. "बाई, तुम्ही हुशार आहात."
हल्ली मी बाई. कामाला ठेवलेली.

११ फेब्रुवारी
मुलगा आला होता. "आई, तू पडशील एक दिवस. त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत नर्स आहेत, दाराला कुलूप असतं. रविवारी गाडी आणतो, बाबांना सोडून येऊ." मी नाही म्हटलं नाही. पाठ अशी धरलीय की नाही म्हणायलासुद्धा वाकावं लागेल.
नातीचं पेन थांबलं. लिही गं. आजी हो म्हणाली, लिही.

१३ फेब्रुवारी
यांची पिशवी भरली. नातीकडून सुईत दोरा ओवून घेतला, शर्टांची बटणं पक्की केली. तिथं कोण करणार?
दुपारी ती यांच्यापाशी बसली, मी झोपले. रोज अशी झोप मिळेल, असं मनात आलं. बरं वाटलं. वाटलं ते वाटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार
गाडी दारात. हे बूट घालून तयार, अगदी शहाण्यासारखे. खिशातली डबी काढून माझ्या हातात ठेवली. "बाई, एवढी माझ्या बायकोला द्या. मी नसलो की तिला रस्ता सापडायचा नाही."
म्हटलं, देते हो.
मुलाला म्हटलं, तू जा. आणि वाकून यांचे बूट काढले.