चतुर्थीचा काटा

चोपडा,
ता. २१ ऑगस्ट

ती. स्व. गुलाबअक्कांस,
धाकट्या घेवरचंदचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला आता ओरडवत नाही, म्हणून आपलं पोस्टच बरं. इकडे घरची सगळी खुशाल आहेत. पेढीत पाणी शिरलं नाही. पण सातपुड्यातून आलेल्या लोंढ्याने नाल्याकाठच्या गावांचं होत्याचं नव्हतं केलं. केळी आडवी झाली आणि कपाशी अजून गुडघाभर पाण्यात उभी आहे.

खरं सांगायचं तर ज्यांचं काही गेलं नाही तीच माणसं जास्त घाबरली आहेत. वरच्या अंगाच्या गावांत पीक चांगलं आहे, तरी तिथले लोक बाजारात येतात, वस्तू हातात घेऊन बघतात आणि परत ठेवतात. शेजारचे बन्सीलाल कापडवाले दिवसभर पेपर वाचत बसतात. टीव्हीवर रोज तीच बुडालेली शेतं दाखवतात, त्यामुळे सगळा देशच पाण्याखाली गेला असं वाटू लागतं.

अशात गणेश चतुर्थीचं काटापूजन आलं. हंगामाचा पहिला कापूस त्या दिवशी आपल्या काट्यावर तोलायचा आणि शकुनाचा म्हणून चढा भाव द्यायचा, ही आपल्या पेढीची रीत. बाकीचे व्यापारी म्हणतात, लोकांच्या घरी रडारड चालू असताना नारळ कसले फोडता. मला काही सुचत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन. पत्राची वाट पाहतो.

तुमच्या मायेचा,
घेवर

धुळे,
ता. २४ ऑगस्ट

चि. घेवरचंद यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुला ओरडवत नाही हे वाचून हसू आलं. लहानपणी तुझ्या भोकाडाने अख्खी गल्ली जागी व्हायची.

काटा उघडच. दुष्काळाच्या सालीसुद्धा आपल्या आबांनी चतुर्थीचा काटा रिकामा राहू दिला नव्हता, मग एका पुराने तू हाय खाऊन कसा बसतोस? पेढीवालाच तोंड पाडून बसला तर गावांनी कुणाकडे बघायचं? दोन शब्द धीराचे बोल. तुझं लोक ऐकतात. आपला मनन इथल्या सूतगिरणीत खरेदी बघतो, तो सांगतो की तिकडेही सगळे धास्तावलेत. या वर्षी देशात कापूस मिळेल की नाही, यावर रोज बैठका चालल्या आहेत. गिरण्या अशा घाबरल्या म्हणजे भाव चढणारच, असं मला तरी वाटतं.

पूजेचे पेढे वाटायला असतात, खायला नाहीत. तुझी साखर मी विसरलेले नाही. सगळ्यांना गोंजारून माझे आशीर्वाद सांग.

तुझी,
अक्का

चोपडा,
ता. ३० ऑगस्ट

ती. स्व. अक्कांस सा. न. वि. वि.

काटापूजन फार छान झालं. पहिला मान नेहमीप्रमाणे वरच्या गावच्या भिकुबाईंचा. नवरा गेल्यापासून एकट्या शेती करतात. गच्चीवर वाळवलेला टोपलीभर कापूस डोक्यावर घेऊन आल्या. त्यांना साडी-खण दिला, कापूस तोलला, शकुनाचा भाव पुकारला. इतकं झालं तरी लोकांची तोंडं सुतकी ती सुतकीच.

मग मला राहवेना. तुम्ही म्हणालात तसा माईक हातात घेतला आणि सांगून टाकलं की हा नुसता मुहूर्ताचा भाव समजू नका. पुरामुळे माल कमी आहे, तेव्हा दिवाळीपर्यंत भाव याच्या खाली यायचा नाही, हा माझा शब्द. अक्का, त्या एका वाक्याने माणसं सरळ उभी राहिली. संध्याकाळी बन्सीलालकडे पोरीबाळींची गर्दी होती. मुनीमजी म्हणाले की शकुनाच्या भावाला असा शब्द कुणी देत नसतं. मी त्यांना गप्प बसवलं. आबा असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

पेढा एकच खाल्ला. आठवण काढत राहा.

तुमचा,
घेवर

धुळे,
ता. २ नोव्हेंबर

चि. घेवरचंद यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तुझं पत्र नाही, म्हणून जिवाला घोर लागला. मननने जे सांगितलं त्याने तर जेवण गेलं नाही. देशातला कापूस बुडाला असं जो तो म्हणत होता, त्या भीतीने गिरण्यांनी ऑगस्टातच परदेशी कापसाच्या गाठींचे सौदे करून ठेवले. त्या गाठी आता येऊन पडल्यात आणि गोदामं भरलीत. आपल्याकडचा जो कापूस पुरातून वाचला, त्याला कुणी विचारत नाही. पीक बुडालं त्याहून जास्त नुकसान घाबरल्यामुळे झालं, असं मनन म्हणतो. मी मात्र त्याच भीतीवर भाव चढेल असं तुला लिहून बसले होते.

तू दिलेल्या शब्दाचं काय झालं ते मला लिही. वाईट असलं तरी लिही.

काळजीत असलेली,
अक्का

चोपडा,
ता. ९ नोव्हेंबर

ती. स्व. अक्कांस सा. न. वि. वि.

लिहायला हात होत नव्हता. माझ्या शब्दावर गावांनी कापूस घरात भरून ठेवला. फिरते व्यापारी दसऱ्याला बरा भाव देत होते, त्यांना लोकांनी हाकलून लावलं. शेठचा शब्द आहे, म्हणाले. भिकुबाईंनी घराची पुढची खोली वाशांपर्यंत भरली आणि स्वतः ओसरीवर झोपल्या. मधल्या पावसाची ओल त्या कापसात राहिली होती. तो आतून गरम झाला आणि पिवळा पडला.

परवा त्या काट्यावर आल्या. भाव निम्म्याजवळ आलाय. सगळ्या गावांना मी कुठून देणार? निदान त्यांना तरी बोललेला भाव द्यावा म्हणून त्यांना बाजूला बोलावलं. त्यांनी मान हलवली. बठ्ठा गावले देशात ते माले द्या, एकलीले नको, एवढंच म्हणाल्या. सगळ्या गावाला देणार असाल तरच मला द्या, एकटीला नको. मग चालू भावाने माल घालून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुम्ही स्वतःला बोल लावू नका. माईक माझ्या हातात होता.

तुमचा,
घेवर

चोपडा,
ता. १६ सप्टेंबर

ती. स्व. अक्कांस सा. न. वि. वि.

वर्ष फिरून आलं. तुम्ही आग्रहाने लिहिलंत, म्हणून परवा चतुर्थीला पुन्हा काटा मांडला. या साली पाऊस बेताचा, कपाशी कमरेला लागलेली, मननच्या गिरणीतही मागणी आहे. शकुनाचा भाव पुकारलाच नाही. जो खरोखर देता येईल तो सांगितला, आणि तो चांगला होता.

कुणी पुढे आलं नाही. काही म्हणाले, शेठ मागच्या साली चुकले तसे आताही चुकणार. काही म्हणाले, एवढा देतात म्हणजे पोटात काहीतरी लपवलंय. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि फिरत्या व्यापाऱ्याकडे गेल्या. तो माझ्यापेक्षा कमीच देत होता.

भिकुबाई आल्या, पण रिकाम्या हातांनी. गणपतीला हात जोडले. मी विचारण्याआधीच म्हणाल्या की राग नही शे शेठ, पन आते तुमना शब्दवर माले झोप येत नही. त्या गेल्यावर मांडवात भटजी, मुनीमजी आणि मी असे तिघेच उरलो. मुहूर्त टळत होता.

आबांचा काटा रिकामा राहू नये, म्हणून पेढीवरची त्यांची गादी उसवली. मूठभर कापूस काढला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि काट्यावर ठेवला. एवढ्या मोठ्या काट्याला ती मूठ कळलीसुद्धा नाही. आकडा शून्यावरच राहिला. मुनीमजींनी तरीही नारळ फोडला.

तुमची माया तेवढी कमी होऊ देऊ नका.

तुमचा,
घेवर