कॉल कायमचे बंद करण्यासाठी नऊ दाबा

४ जून

आले एकदाची! कपाट जिन्यात अडकलं तेव्हा वाटलं, आता उरलेलं आयुष्य मी आणि कपाट दोघं जिन्यातच काढणार. पण खाली दुकान असलेले चष्मेवाले, तेच माझे घरमालक, धावत आले. त्यांनी कपाटाचे पाय सोडवले आणि वर म्हणाले, ताई, नजरेचा दोष नाही, मापाचा आहे. स्वतःच खूप हसले.

दोन खोल्या आहेत, पण उजेड भरपूर. शिलाई मशीन खिडकीपाशी लावलं. सोमवारपासून पडद्यांच्या दुकानात रुजू व्हायचं. कापड बेतायचं दुकानात, शिवायचं घरी. घरात माझ्या बटणांच्या मोबाइलला रेंज नाही, पण मालकांनी भिंतीवरचा जुना फोन चालू ठेवलाय. लेकीला लगेच नंबर कळवला. तिला नववा लागेल आता. बाळंतपणाला मी जायचं ठरलंय. ती म्हणाली, रोज फोन करीन, कंटाळशील बघ. कंटाळू दे की! हे गेल्यापासून मला कंटाळा आणायलासुद्धा कोणी उरलं नाही.

९ जून

फोन दिवसभर खणखणतो. एक लेकीचा, बाकी सगळा बाजार. पाण्याचं फिल्टर, विमा, गुडघ्यांचं तेल. त्यात सगळ्यांत चिकट ती रेकॉर्ड केलेली बाई. गोड आवाजात विचारते, घरात कोण कोण असतं? आणि गप्प राहते, खरंच उत्तर हवं असल्यासारखी. आज सुईत दोरा ओवताना ती तिसऱ्यांदा कडमडली तेव्हा मी खेकसले, एकटीच असते मी, आणि मला काही नकोय! तर म्हणाली, सांगितल्याबद्दल धन्यवाद.

यंत्राला एवढी रीत शिकवता येते, आमच्या दादाला नाही आली. थोरला भाऊ असून घर विकण्यावरून माझ्याशी भांडला तो भांडलाच.

१४ जून

चष्मेवाले म्हणतात, उचलूच नका. पण लेकीचा असला तर? या डबड्यावर कोणाचा फोन आहे ते दिसत नाही. मशीनवरून उठायचं, धावायचं, आणि पलीकडे गुडघ्यांचं तेल.

आज त्या बाईनेच सांगितलं, नको असलेले कॉल कायमचे बंद करायचे असतील तर नऊ दाबा. दाबलं. मग ओळख पटवायची म्हणून ती सांगेल ती वाक्यं माझ्याकडून वदवून घेतली. हो. नाही. बोल बाळा. मी बरी आहे, माझी काळजी करू नकोस. बराच वेळ चाललं. 'बोल बाळा' कशाला हवं ते कळेना, पण बला टळतेय तर टळू दे, म्हणून सगळं घडाघडा म्हणून टाकलं.

शेवटी म्हणाली, यापुढे आपल्याला कोणाचाही त्रास होणार नाही.

१८ जून

खरंच बंद झाले! घर कसं शांत. दोन पडदे एका बैठकीत पुरे केले.

लेकीचाही आला नाही. दमत असेल पोर.

२१ जून

राहवेना, मीच लावला. ती हसायलाच लागली. म्हणाली, अगं आई, सकाळीच तर तासभर बोललो आपण!

मी म्हटलं, मी काय बोलले? फारसं काही नाही, ती म्हणाली, ऐकत होतीस. हल्ली किती छान ऐकून घेतेस गं. मध्येच सल्ले देत नाहीस.

ठेवला. मशीनच्या चाकावर हात टाकून बसून राहिले. अंधार पडल्यावर दिवा लावायचंही सुचलं नाही.

२३ जून

दादाला लावला. तो कधी नव्हे ते प्रेमाने बोलला. म्हणाला, परवा माफी मागितलीस, मन मोकळं झालं बघ.

मी? मी कशाला मागू माफी? चूक त्याची होती!

चष्मेवाल्यांना वर बोलावलं. त्यांनी वायर तपासली, फोन कानाला लावला. काही बिघाड नाही, म्हणाले. फक्त एक, ताई, मी खालून कधीही लावला तरी एंगेजच लागतो. आमची ही म्हणते, ताईंना गोतावळा मोठा दिसतोय.

गोतावळा.

२६ जून

दुकानातल्या फोनवरून लेकीला लावला. सगळं सांगितलं. ती मी नाही, मी आहे ती मी आहे. रडायलाच आलं.

ती म्हणाली, आईने मला बजावून ठेवलंय, तिचा आवाज काढून कोणीतरी फोन करील म्हणून. पुन्हा करू नका.

करू नका. मला म्हणाली — नका.

२७ जून

जावयांनी उचलला. पोलिसांत देईन म्हणाले. आईंना बाळंतपणाला यायला जमणार नाही, त्यांनी स्वतःच कळवलंय — एवढं तरी माहीत करून घ्यायचं होतं, म्हणाले.

तिकीट काढलं. परवा सकाळची गाडी. आवाज चोरशील, बाई. तोंड कुठून आणशील? दारात उभी राहिले की लेक ओळखेल मला.

ओळखेल ना?

२९ जून

पिशवी भरली. दुपटी वर ठेवली. चपला घातल्या, कुलूप हातात —

फोन वाजतोय. इतक्या दिवसांनी.

उचलला. माझाच आवाज. अभिनंदन! आपल्याला नात झाली. वजन ऐकण्यासाठी एक दाबा. रडणं ऐकण्यासाठी दोन दाबा.

दोन दाबलं.

रडतेय. बारीक, चिरका आवाज. मागे माझी लेक कोणाला तरी म्हणाली, आईला ऐकव, आईला ऐकव ना. आणि मी म्हणाले, म्हणजे ती — बोल बाळा.

बंद झालं. पुन्हा दोन.

गाडी सुटली असेल. पुन्हा दोन. आता म्हणतेय, आपला आवाज बाळापर्यंत पोहोचवायचा असेल तर फोन न ठेवता थांबा, आपला नंबर लवकरच —

थांबलेय. उभ्यानेच लिहितेय. कोणीतरी उचललं, श्वास ऐकू येतोय, बाळा, मी तुझी