आजींची सासू

प्रिय बाबा,

मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स नेमकं करते काय, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या पहिल्या पदवीधराला अजून देता येत नाही.

आमच्या वॉर्डातल्या एक आजी रोज म्हणतात, "सासू छातीवर बसलीय." सगळे हसतात. आज त्या घामाने भिजल्या होत्या. "मेली डाव्या हातातही उतरली गं!"

मी डॉक्टरांना फोन केला.

"तिची सासू रोजचीच आहे, सिस्टर. झोपेची गोळी द्या."

पण घाम रोजचा नव्हता.

माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. तुम्ही काळजी करत बसाल, म्हणून हे पत्र पाठवत नाही. मी गोळी दिली नाही. रुग्णवाहिका बोलावून, स्वतःच्या सहीवर, आजींना मोठ्या रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात पाठवलंय.

तुमची दमलेली,
छोटी