माफी मागून झाली

तीर्थरूप बाबांना,

लांबूनच पाया पडते. मी बरी आहे, खोली हवेशीर आहे.

शिक्षकांना सुतारकाम शिकवण्याचा माझा वर्ग काल संपला. परवा एका गुरुजींनी यंत्राच्या करवतीवरचं, बोटं वाचवणारं झाकणच काढून ठेवलं. म्हणाले, "मध्ये मध्ये येतं." मी धावत जाऊन वीज बंद केली. बाईने चारचौघांत पाणउतारा केला, अशी त्यांनी तक्रार केली. साहेब म्हणाले, "माफी मागा आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर सही करा." मी दोन्ही केलं. सोमवारपासून हेच गुरुजी आपल्या शाळेत आठवीच्या मुलांना तशाच करवतीवर उभं करतील.

तुम्ही सही केली नसती, ठाऊक आहे मला.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला यातलं काही सांगू नका. साहेब माझ्यावर खूश आहेत, एवढंच सांगा. ते खोटं नाही.

तुमची,
धाकटी